बर्म्याची बरणी

चिनी मातीची बरणी घ्यायची तर आधी तिला टिचकी मारायची. बोटाच्या पेरानं, काठाच्या जरा खाली, आणि कान जवळ न्यायचा. बरणी अखंड असली तर घंटेसारखी क्षणभर वाजत राहते. केसाएवढी चीर असली तरी आवाज बसका येतो आणि तिथेच संपतो. हे मला दाजींनी शिकवलं, सुरतेजवळच्या कामरेजला, होळीच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेसात वाजता, हमरस्त्याच्या कडेला उकिडवं बसून. समोर एका ईको गाडीची डिकी उघडी होती आणि बरणीचा मालक आमच्याकडे न बघता तंबाखू मळत होता. त्याचं लक्ष कुठे होतं ते नंतर कळलं.

ईको ही इकडची सर्वांच्या उपयोगाची गाडी. आठवडाभर शाळेची पोरं आणि वऱ्हाडं वाहते, रविवारी दुकान होते. डिकीचं दार वर उचललं की तेच छप्पर. आतली सीट काढून फळीच्या दोन पायऱ्या केलेल्या आणि त्यावर पितळी डबे, कोळशाची इस्त्री, शिलाई मशीनची दोन मुंडकी, झाकण नसलेली मिक्सरची भांडी, आणि भिंतीवरचं एक घड्याळ, ज्याचा लंबक वेगळ्या पिशवीत बांधून ठेवला होता. पलीकडे ‘छोटा हत्ती’ म्हणतात त्या टेम्पोच्या हौद्यात झाडं होती: काळ्या पिशव्यांतले गुलाब, मोगरा, चिकू, लिंबू. आणखी चार हातगाड्या, जमिनीवर चादरी अंथरून बसलेल्या पाच-सात बाया, आणि टायरवर पाणी मारत बसलेला चहावाला. पाटी नाही, नाव नाही. ऊन चढलं की सगळं गायब.

दाजींचा पुतण्या लेस्टरला असतो. त्यानं मागे फोनवर सांगितलं होतं, की तिकडे याला कार बूट सेल म्हणतात. सुट्टीच्या दिवशी पहाटे एखाद्या शेतात गाड्या रांगेनं लागतात, जागेचं भाडं भरायचं, डिकी उघडायची आणि घरातलं नको झालेलं विकायचं. मुरलेली गिऱ्हाइकं अंधारात बॅटरी घेऊन येतात आणि सामान गाडीतून उतरायच्या आत हात घालतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी लोक परसात रुजवलेली टोमॅटोची रोपंही आणतात. इंग्लंडात ही पद्धत १९७०च्या दशकात रुजली. स्टॉकपोर्टकडच्या हॅरी क्लार्क नावाच्या पाद्र्यानं कॅनडात असलं काही पाहिलं आणि इंग्लंडात सुरू केलं, असं सांगतात. दाजींनी ही हकिकत त्यांच्या गुजरातीत ईकोवाल्याला ऐकवली. तो म्हणाला, ‘एमां नवुं शुं?’ त्याचा आजोबा हाच धंदा बैलगाडीतून करायचा.

पण एक फरक आहेच. लेस्टरला माणूस स्वतःच्या घरातलं स्वतः विकतो. आपल्याकडे आपली मोड आपण रस्त्यावर मांडायची म्हणजे घराला वाईट दिवस आले असं चारचौघांना वाटतं. म्हणून मधे कोणी तरी लागतो: भंगारवाला, पस्तीवाला, बोहारीण. वस्तू दारातून मागच्या बाजूनं जाते आणि तीन हात फिरल्यावर उजेडात येते. तोवर ती कोणाची होती हे पुसलं गेलेलं असतं, आणि त्या जागी विकणारा आपल्याला हवी ती गोष्ट लिहू शकतो.

मी नंदुरबारहून आदल्या दिवशी निघालो होतो, तापी लाइनच्या गाडीनं. सुरत–अमळनेर ही तापी व्हॅली रेल्वे १९०० साली पुरी झाली. आता या गाडीत निम्मा डबा सुरतेला कामाला असलेल्या खानदेशी माणसांचा असतो. नवापूरचं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये, आणि फलाटावरच्या बाकावरही तशी वाटणी रंगवलेली. गाडी थांबली की कोणी ना कोणी त्या बाकावर मधोमध बसून फोटो काढतंच. मी बारडोलीला उतरलो. दाजी मोटरसायकल घेऊन आले होते. ते मूळचे शहाद्याकडचे, वीस वर्षं सुरतेच्या लिंबायतला राहिले, मार्केटात साड्यांच्या गाठी बांधण्यापासून सुरुवात करून आता एका पेढीवर हिशेब बघतात. लिंबायत, उधना, डिंडोली या बाजूला दुकानाच्या पाट्या गुजरातीत आणि भांडणं अहिराणीत, असा मामला आहे. घर मात्र त्यांनी कामरेजच्या अंगाला घेतलं, कारण ताईला अंगण हवं होतं. अंगण आलं म्हणजे झाडं आली, आणि झाडांपायी ही रविवारची सवय लागली. जुन्या सामानाचा नाद त्याला चिकटून आला.

कामरेज सुरतेहून वीसेक किलोमीटर, तापीच्या काठी. मुंबई–अहमदाबाद हमरस्ता इथे नदी ओलांडतो. नकाशात तो आता ४८ नंबर आहे, ट्रकवाल्यांच्या तोंडी अजून आठच. परगावच्या माणसाला कामरेज म्हणजे उड्डाणपुलाखालचा चार रस्ता, सौराष्ट्राच्या खासगी बसगाड्या आणि उसाचे ट्रॅक्टर, एवढंच दिसतं. मराठी माणसानं आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. १९४७ नंतर संस्थानं विलीन होईपर्यंत कामरेज हा बडोद्याच्या गायकवाडांच्या नवसारी प्रांतातला महाल होता. सुरत इंग्रजांची आणि कामरेज, व्यारा, सोनगड गायकवाडी, अशी ही सरमिसळ होती. आणि त्याही फार मागे, इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात भडोचच्या आखाताच्या तोंडाशी ‘कम्मोनी’ नावाचं गाव येतं. ते हेच असावं असा काही अभ्यासकांचा तर्क आहे. त्या तर्काच्या मागावर २००३ साली स्वराजप्रकाश गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथे उत्खनन केलं. पुढे महाराष्ट्राच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक झालेले तेजस गर्गेही त्या चमूत होते. निघालेल्या खापरांत इराणी आखाताकडून आलेल्या मोठ्या साठवणीच्या मडक्यांचे तुकडे होते. म्हणजे परदेशी बरणी ही इथे काही नवलाई नाही. दाजींना हे सांगितल्यावर ते म्हणाले, ‘मग तेव्हाही टिचकी मारूनच घेत असतील.’

बाजार लहान, पण त्यात तीन वेगळे बाजार एकमेकांत मिसळलेले होते. पहिला कपड्यांचा, आणि गर्दी सगळी तिथेच. गिऱ्हाईक म्हणजे ऊसतोडीची माणसं. दक्षिण गुजरातच्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला डांग, नंदुरबार, धुळ्याकडून दर हंगामात हजारो आदिवासी येतात. इकडे मजूर माणशी मोजत नाहीत, कोयत्यानं मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकापासून या भागातल्या मजुरांवर लिहिलं, त्यातही हा शब्द येतो. होळी हा त्यांचा वर्षाचा सण. चार दिवस गावी जायचं आणि हात हलवत जायचं नाही. एक तरुण बाई पोराला कडेवर घेऊन शर्टांच्या ढिगात हात घालून बसली होती. ती शर्ट उलटा करून आधी काखेची शिवण बघायची, मग कॉलरची आतली बाजू, मग बटणं मोजायची. रंगाकडे शेवटी. माझ्या बायकोनं दुकानातून आणलेले शर्टही इतक्या बारकाईनं कोणी पाहिलेले नाहीत. तीन शर्ट आणि एक फ्रॉक तिनं शंभराला मागितले, एकशे वीसला घेतले, आणि निघताना एक रुमाल वर ओढून घेतलाच.

विकणाऱ्या बाया देवीपूजक समाजाच्या. स्टीलची भांडी घेऊन सोसायट्यांतून फिरायचं, भांड्याच्या बदल्यात जुने कपडे घ्यायचे, घरी धुवून, रफू करून, बटणं लावून रविवारी मांडायचे. आपली बोहारीण ती हीच. तिच्याशी घासाघीस करण्यात आपल्या आयांच्या कित्येक दुपारी गेल्या. पण बोहारीण साडी हातात घेऊन क्षणभर काठ चोळते तेव्हा ती काय बघते हे मला कधी कळलं नव्हतं. दाजींनी विचारलं तर एक म्हातारी खुलली. तिनं काठाचा एक धागा नखानं ओढून काढला, उसवला. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. घासली की पांढरी चमक येते. खोट्या जरीत तार तांब्याची, घासली की लाली येते. आणि हल्लीची तर नुसती प्लास्टिकची पट्टी, काडी लावली की वितळून गोळी होते. सुरत ही जरीचीच पेठ, त्यामुळे जीर्ण शालूची जरी वेगळी विकली जाते आणि तिच्यातली चांदी पुन्हा गाळली जाते. म्हणजे आजीचा फाटका शालू देऊन आपण एक पातेलं घेतो तेव्हा फसतो ते आपण, ती नाही. म्हातारी हसत म्हणाली, आता खरी जरी येतच नाही, दिवसभर प्लास्टिकच चोळते.

दुसरा बाजार जुन्या वस्तूंचा. त्यात नाण्यांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यावर दोन कॉलेजची पोरं तुटून पडली होती. वरच राम, सीता, लक्ष्मण, हनुमान असलेलं जाड नाणं, खाली ईस्ट इंडिया कंपनी आणि १८१८. ‘लाखाचं आहे, पण तुम्हाला पाचशेला.’ ही नाणी देशभर फिरतात. कंपनीनं असलं नाणं कधी पाडलं नाही, तो अलीकडचा देवळाबाहेरचा माल आहे. पोरांना सांगावं की नाही या विचारात मी असताना डब्याच्या तळाशी एक काळवंडलेला तांब्याचा पैसा हाताला लागला. अंगठ्यानं पुसला तर घोड्याचा खूर आणि तलवार दिसली, कडेनं देवनागरी अक्षरं, ‘सयाजीराव’ एवढं नीट लागत होतं. बडोद्याचा पैसा, गायकवाडी. ज्या मातीत तो खर्च झाला असेल तिथेच मिळत होता आणि विकणाऱ्याच्या लेखी त्याला राम-सीतेसमोर काही किंमत नव्हती. साठ रुपये. मी घासाघीस केली नाही. दाजींनी कोपर मारलं, ‘एवढ्या पटकन होकार दिला की त्याला रात्री झोप लागत नाही हो.’

ईकोवाला मग मोकळा झाला. त्याचा माल कुठून येतो? घर रिकामं होतं तिथून. म्हातारं माणूस गेलं, पोरं परदेशात, जागा बिल्डरला दिली, की आधी सोनार, मग सुतार, मग तो. लाकूड आणि पितळ वजनावर उचलायचं, बाकीचं फुकट किंवा उपकार म्हणून. पितळ, तांबं वितळवायला जातं. त्यातून ज्याला हात लावावासा वाटेल ते तो बाजूला काढतो. एका कळशीच्या गळ्यावर टाचणीच्या ठिपक्यांनी कोरलेलं नाव होतं, मराठीत, बाईचं, खाली गाव: अमळनेर. मी ती बराच वेळ हातात धरून बसलो. भांड्यावर नाव घालायचं ते हरवू नये म्हणून. गल्लीत लग्न निघालं की सगळ्यांची भांडी एकत्र व्हायची आणि संध्याकाळी नावं वाचून परत घरोघरी. त्या नावामुळेच कळशी विकली जात नव्हती. दुसऱ्याचं नाव असलेलं भांडं देवाला कसं ठेवायचं, असं गिऱ्हाईक म्हणतं. ईकोवाला म्हणाला, घासून देतो. मी नको म्हटलं. घेतलीही नाही. ती एक चूक झाली असं अजून वाटतं.

झाडांकडे वळलो तेव्हा आठ वाजून गेले होते. छोट्या हत्तीवाला आमची बोली ऐकून ओरडला, ‘कोठला शेतस भाऊ?’ साक्रीकडचा निघाला. माल बराचसा आंध्रातल्या कडियमचा. राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या काठचं हे गाव म्हणजे देशातल्या रोपवाटिकांचं मोठं आगर, तिथून ट्रक भरून रोपं सगळीकडे जातात. ओळखायचं कसं? पिशवीतली माती बघा. तांबडी असेल तर झाड लांबून आलंय. तसं आलं म्हणून वाईट नाही, पण ते सुरतेकडच्या चिकट काळ्या मातीत थेट लावलं की त्याची मुळं तांबड्या गोळ्यातच घुटमळतात, पाणी गोळ्याभोवती तुंबतं आणि महिन्याभरात झाड मान टाकतं. लावताना खड्ड्यात वाळू आणि शेणखत मिसळा, गोळ्याच्या कडा बोटांनी मोकळ्या करा. हे सगळं साक्रीकरानंच सांगितलं. विकणारा एवढं खरं बोलतो तेव्हा माणूस गाफील होतो, आणि माझंही तेच झालं.

चिकूचं कलम बघण्यासारखं होतं. नवसारी-गणदेवी पट्टा चिकूसाठीच प्रसिद्ध, त्यातली कालीपत्ती जात. चिकूला खुंट लागतो खिरणीचा, ज्याला इकडे रायण म्हणतात. रायण वाढते फार सावकाश, कलम बांधण्याजोगी व्हायला दोन-अडीच वर्षं घेते, म्हणून चिकूचं चांगलं कलम स्वस्तात मिळत नाही. साक्रीकरानं जोड दाखवला: खाली रायणीची खरबरीत साल, वर चिकूची गुळगुळीत, मधे गाठ. जोडावरची प्लास्टिकची पट्टी अजून तशीच होती आणि सालीत रुतली होती. दाजींनी तेवढ्यावरून पन्नास रुपये कमी केले. पट्टी वेळेवर सोडली नाही तर झाड तिथेच गळफास लागल्यासारखं आवळतं, पुढे वाऱ्यानं मोडतं. जोडाच्या खाली फूट दिसली तर तीही बघायची. ती खुंटाची असते, कलमाची नाही, आणि खाऊन पिऊन तीच माजते.

लिंबाला मात्र कलमाचे पैसे देऊ नका, हे ताईनं घरून निघतानाच बजावलं होतं. कागदी लिंबाच्या एका बीतून बहुधा दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बरेचसे हुबेहूब आईसारखे निघतात. म्हणून बियांचं रोप चालतं. साक्रीकर ‘कलमी’ म्हणून दीडशे सांगत होता. मी देठाकडे बघितलं, जोड नव्हता, मी त्याच्याकडे बघितलं. ‘चाळीस द्या,’ तो म्हणाला, तेही हसत.

त्याच्या पुढ्यात अडेनियमची रोपं नुसती, मातीविना, बटाट्यांसारखी टोपलीत पडली होती. वाळवंटातलं झाड, फुगीर बुंध्यात पाणी साठवतं, त्यामुळे उपटून, मुळं झाडून, आठवडाभर सुकं ठेवलं तरी काही बिघडत नाही, उलट मुळांच्या जखमा भरतात. डिकीतून विकायला याहून सोयीचं झाड नाही. शेजारी छोट्या कुंड्यांतली निवडुंगं होती, प्रत्येकाच्या डोक्यावर एक गुलाबी फूल. दाजींनी मला गप्प राहायची खूण केली आणि एक फूल हळूच उचकटलं. ते सुकं फूल गरम डिंकानं चिकटवलेलं होतं, खाली निवडुंगाची कातडी भाजलेली. ‘हे मी नाही करत,’ साक्रीकर म्हणाला, ‘असंच येतं.’ खरं असेल. पण तो काढूनही टाकत नव्हता.

मी घेतलं काय? एक बटमोगरा, एक चिकू, ते चाळीसचं लिंबू, आणि सात फुलं लागलेला एक गावठी वासाचा गुलाब. गुलाबाचा जोड मी बघितला नाही. फुलांमुळे.

मग पुन्हा ईकोकडे. ऊन लागायला लागलं होतं आणि हीच बरणी घ्यायची वेळ असते, हे दाजींचं गणित. सकाळी बोहणीला भाव पडत नाही, कारण पहिला भाव दिवसभर चिकटतो. गाडी भरायची वेळ आली की प्रत्येक वस्तू जड होते. बरणी दीड वीत उंच, खांदे तपकिरी, अंग साईच्या रंगाचं, झाकण नाही. सांगितले बाराशे. का? तर ‘आ बर्मानी छे.’ नदीपलीकडे कठोरला एक बंगला पाडला, त्यातली.

ही थाप हवेतली नव्हती, म्हणूनच चांगली होती. कठोर, खोलवड या गावांतली सुरती वोरा मुसलमान घराणी शे-सव्वाशे वर्षांपासून बर्मा, मॉरिशस, रियुनियन, दक्षिण आफ्रिका इथे व्यापाराला गेली. जोहान्सबर्गमध्ये एका इमारतीचं नावच खोलवड हाऊस आहे. तिच्या १३ नंबरच्या फ्लॅटमध्ये आधी इस्माईल मीर आणि मग अहमद कथराडा राहत, आणि वर्णद्वेषाविरुद्धच्या लढ्याच्या दिवसांत नेल्सन मंडेलांचा तिथे राबता असे. कामरेजच्या चार रस्त्यावर उसाचा रस पिताना हे आठवून मला गंमत वाटली. त्या पैशातून गावाकडे बंगले उठले, त्यात बर्मा सागाची कपाटं आली. आता त्यातल्या कित्येक दारांना कुलूप असतं आणि वारस परदेशात. आणि बरणीचं बर्म्याशी नातं शब्दातही आहेच: आपण जिला मर्तबान म्हणतो ते नाव बर्म्याच्या मर्तबान बंदराचं. तिथून मोठाल्या चकचकीत बरण्या जहाजांतून सगळीकडे जात.

मी जवळजवळ पैसे काढलेच होते. दाजींनी बरणी पालथी केली. तळाला झिलई नसते, माती उघडी असते, आणि कारखान्याचा शिक्का असला तर तिथेच. धुळीवर थुंकी लावून त्यांनी अंगठा फिरवला. गुजराती अक्षरं, अर्धी झिजलेली, पण दोन वाचता येत होती: थान. म्हणजे थानगढ, सौराष्ट्रातलं, चिनी मातीच्या भांड्यांचं जुनं गाव. त्या थानगढ-मोरबी भागात हा उद्योग उभा करणाऱ्यांत परशुराम गणपुले नावाचा मराठी माणूस होता. त्यांची परशुराम पॉटरी एके काळी नावाजलेली. म्हणजे बर्म्यापेक्षा हे माझ्या जवळचं निघालं, पण ते मी तिथे बोललो नाही, भाव वाढला असता.

‘काका, ही थानची आहे.’

ईकोवाल्यानं शिक्का बघितला, दोन क्षण घेतले. ‘मग काय झालं? थानहून बर्म्याला गेली असेल. तिकडून परत आली.’

यावर आम्ही तिघंही हसलो आणि तिथेच सौदा झाला, साडेपाचशेला. लेस्टरच्या पुतण्याला पाठवायला हरकत नाही असं दाजींच्या मनात आलं होतं. शंभर वर्षांवरची कलावस्तू १९७२च्या पुराणवस्तू कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाही, पण ही काही तेवढी जुनी नाही. ताई म्हणाली, बरणी त्याला आणि चटणी कोण देणार? बरणी माझ्याकडेच राहिली.

अहमदाबादची गुजरी मी आधी पाहिली आहे. ती सुलतान अहमदशहाच्या काळापासूनची, म्हणजे पंधराव्या शतकाच्या सुरुवातीची मानतात. १९५४ पासून साबरमतीच्या पात्रालगत एलिस ब्रिजखाली दर रविवारी भरायची, आणि नदीकाठ सुधारला तेव्हा २०१४ साली तिला आखीव ओटे मिळाले. पुण्याचा जुना बाजार रविवारी आणि बुधवारी. तिथे गर्दीचा, आवाजाचा धाक वाटतो. कामरेजला तसा धाक नाही. २०१४च्याच पथविक्रेता कायद्यात ‘नैसर्गिक बाजार’ असा एक शब्द आहे: जिथे घेणारे आणि देणारे आपोआप जमत आले ती जागा. कायद्यानं तिची दखल घ्यावी असं म्हटलंय. पण हमरस्त्याच्या कडेला, ट्रकच्या वाऱ्यानं चादरी उडतात अशा जागी, ही दखल कोणी घेईल असं मला वाटत नाही. साडेनऊला पोलिसांची गाडी हळूहळू गेली. कोणी उठलं नाही, पण ईकोची डिकी अर्धी खाली आली.

परतीच्या गाडीत बरणी मांडीवर, झाडं पायाशी. बारडोलीपासून कोयत्यांची माणसं डब्यात भरलेली, प्रत्येकाजवळ कपड्यांचं बोचकं. समोरच्या बाईनं मोगऱ्याच्या पिशवीतून एक कळी तोडली, मला विचारून, आणि पोरीच्या केसात खोवली. मग बरणीकडे बोट दाखवून विचारलं, केवढ्याला? मी तीनशे सांगितले. का ते मला माहीत नाही. तिनं तरीही मान हलवली, महाग पडली असं.

आता तीन महिने झाले. मोगरा फुलतोय. चिकूची पट्टी सोडली तिथे वळ आहे, पण नवी पानं आली. गुलाबाची सातही फुलं आठवड्यात गळली आणि नंतर बुंध्यातून जोरदार फूट आली, काटेरी, सात-सात पानांची, म्हणजे जंगली खुंटाची. वरचं कलम वाळलं. बरणीत आईनं मीठ भरलंय आणि तोंडावर फडकं बांधलंय, कारण झाकण अजून नाही. परवा दाजींचा फोन आला, रविवारचा, मागे ट्रकचे हॉर्न ऐकू येत होते. झाकण मिळालंय म्हणाले, तपकिरी, रंग जुळतोय, पण एक बोट मोठं आहे. घेऊ का?

आणि मग जरा थांबून, फोन बाजूला धरून, कोणाचं तरी बोलणं मला ऐकवत म्हणाले, ‘हा म्हणतोय, झाकण मात्र खरं बर्म्याचं आहे.’